वापरलेले डबे आणि विकत घेतलेला वेळ : जाकार्ताच्या उपनगरी रेल्वेतील जपानी गाड्यांचा इतिहास (२०००–२०२५)

प्रस्तावना

रेल्वेच्या इतिहासलेखनात पहिला लोहमार्ग, पहिले इंजिन, पहिली विद्युतगाडी अशा आरंभबिंदूंना मोठे स्थान दिले जाते. एका शहरात सेवा संपलेली गाडी समुद्र ओलांडून दुसऱ्या शहरात पुन्हा धावू लागते, या घटनेची नोंद मात्र क्वचितच घेतली जाते. वास्तविक, विकसनशील देशांतील काही महानगरांची दैनंदिन वाहतूक अशा गाड्यांनी दीर्घकाळ सांभाळली आहे. इंडोनेशियातील जाकार्ता महानगराची उपनगरी रेल्वे हे त्याचे ठळक उदाहरण होय. २००० ते २०२० या दोन दशकांत जपानमधील, मुख्यतः टोकियो परिसरातील, हजाराहून अधिक वापरलेले डबे येथे दाखल झाले आणि बोगोर, देपोक, बेकासी, तांगेरांग या उपनगरांतून शहरात येणाऱ्या प्रवाशांचा भार त्यांनी वाहिला.

या व्यवहाराकडे सामान्यतः दोन दृष्टींनी पाहिले जाते. एका मताप्रमाणे तो गरजू देशाने केलेला शहाणपणाचा सौदा होता. दुसऱ्या मताप्रमाणे ती श्रीमंत देशाची अडगळ स्वीकारण्याची लाचारी होती. प्रस्तुत लेखात या दोन्ही मतांची तपासणी केली आहे. वापरलेल्या डब्यांनी जाकार्ताला स्वस्त वाहन मिळवून दिले, यापेक्षा त्यांनी शहराला वेळ मिळवून दिला, हे अधिक महत्त्वाचे आहे. त्या वेळेचा उपयोग रेल्वेसेवेने केला; देशी डबेबांधणी उद्योगाला मात्र तो करून घेता आला नाही, असे या इतिहासावरून दिसते.

समान रूळमापाचा वारसा

वापरलेला रेल्वेडबा ही कोठेही नेऊन चालविता येण्याजोगी वस्तू नाही. रूळमाप, विद्युतदाब, डब्याची लांबी-रुंदी आणि फलाटाची उंची या गोष्टी जुळल्या तरच तो उपयोगी पडतो. जाकार्ता आणि टोकियो यांच्यात हे साम्य योगायोगाने घडून आले होते. जपानमध्ये १८७२ साली शिंबाशी ते योकोहामा हा पहिला लोहमार्ग १,०६७ मिलिमीटर, म्हणजे ३ फूट ६ इंच, रूळमापाचा घालण्यात आला. पुढच्याच वर्षी डच वसाहतवाल्यांनी बाताव्हिया (आजचे जाकार्ता) ते बाउटेनझोर्ग (आजचे बोगोर) हा मार्ग त्याच मापाने खुला केला. डोंगराळ मुलूख आणि खर्चातील काटकसर ही कारणे दोन्हीकडे होती. परस्परांचा विचार कोणी केला नव्हता.

विजेच्या बाबतीतही असेच घडले. ६ एप्रिल १९२५ रोजी, सरकारी रेल्वेच्या पन्नासाव्या वर्धापनदिनी, तांजुंग प्रियोक बंदर ते मेस्टर कॉर्नेलिस (आजचे जातिनेगारा) या मार्गावर विद्युतगाडी सुरू झाली. या मार्गासाठी १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहाची निवड करण्यात आली होती. जपानी शहरी रेल्वेतही पुढे हाच दाब रूढ झाला.

येथे मुंबईशी तुलना करणे उद्बोधक ठरते. मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही हार्बर मार्गावरील पहिली विद्युतगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, म्हणजे जाकार्ताच्या केवळ दोन महिने आधी, धावली. विद्युतदाबही १,५०० व्होल्टच होता. परंतु मुंबईचा रूळ १,६७६ मिलिमीटरचा, म्हणजे रुंदमापी. त्यामुळे टोकियोच्या जुन्या गाड्यांचा पर्याय मुंबईपुढे कधी उभाच राहिला नाही. भारताला आपल्या लोकलगाड्या देशातच बांधाव्या लागल्या आणि पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीसारख्या कारखान्यांना त्यातून सातत्याने काम मिळत गेले. जाकार्ताचे रूळमाप टोकियोशी जुळले ही सोय होती, तशीच पुढे ती देशी उद्योगाची अडचणही ठरली.

आर्थिक संकट आणि पहिले बहात्तर डबे

स्वातंत्र्योत्तर काळात जाकार्ताची विद्युतसेवा क्षीण झाली होती. १९७६ पासून जपानमधून नव्या विद्युतगाड्या आणून तिचे पुनरुज्जीवन सुरू झाले. १९८१ साली पूर्व जावातील मादियुन येथे ‘इन्का’ हा सरकारी डबेबांधणी कारखाना स्थापन झाला. १९९० च्या दशकात बेल्जियम आणि नेदरलँड्स येथील तंत्रसाहाय्याने बांधलेल्या गाड्याही दाखल झाल्या. मात्र त्या वारंवार बिघडत आणि त्यांचे सुटे भाग सहज मिळत नसत.

अशा स्थितीत १९९७-९८ चे आशियाई आर्थिक संकट आले. १९९७ च्या मध्यास एका डॉलरला सुमारे २,४०० असलेला रुपिया वर्षभरात १५,००० च्याही पलीकडे घसरला. परकीय चलनात किंमत मोजून नव्या गाड्या घेणे अशक्य झाले. दुसरीकडे शहर पसरतच होते. गाडीच्या टपावर बसून जाणारे, दरवाजात लोंबकळणारे आणि तिकीट न काढणारे प्रवासी हे रोजचे दृश्य झाले होते.

या पार्श्वभूमीवर २००० साली टोकियो महानगर प्रशासनाच्या तोएई भुयारी रेल्वेने मिता मार्गावरून निवृत्त केलेले ६००० मालिकेचे ७२ डबे देणगी म्हणून दिले. हे डबे १९६८ ते १९७६ या काळात बांधलेले, म्हणजे जवळजवळ पंचवीस ते तीस वर्षांचे होते. तरीही वातानुकूलन, प्रत्येक बाजूस चार रुंद दरवाजे आणि भक्कम बांधणी यांमुळे जाकार्ताच्या प्रवाशाला ते नवेच वाटले. चालककक्ष असलेले डबे अपुरे पडले, तेव्हा मधल्या काही डब्यांना स्थानिक कारागिरांनी नवे चालककक्ष बसविले. गाडीची दर्शनी बाजू जपानी घडणीपेक्षा वेगळी झाली, पण गाडी धावू लागली.

देणगी म्हणजे विनामूल्य वस्तू असे मात्र नव्हते. जहाजभाडे, बंदरातील हाताळणी, दुरुस्ती आणि जुळवणी यांचा खर्च घेणाऱ्यालाच करावा लागे. २००६-०७ मध्ये आणलेल्या काही डब्यांच्या वाहतूकखर्चावरून पुढे भ्रष्टाचाराचा खटला उभा राहिला आणि परिवहन मंत्रालयातील एका माजी वरिष्ठ अधिकाऱ्यास शिक्षा झाली. फुकट मिळालेल्या वस्तूचा हिशेब ठेवणे विकत घेतलेल्या वस्तूइतकेच निकडीचे असते, हा धडा या प्रकरणातून मिळाला.

टोकियोतील साखळी

पहिल्या देणगीनंतर खरेदीचा मार्ग खुला झाला. २००४ मध्ये जेआर ईस्टचे १०३ मालिकेचे १६ डबे आले. त्यानंतर टोक्यू या खासगी रेल्वेचे ८००० आणि ८५०० मालिकेचे, तसेच टोकियो मेट्रोचे ५०००, ६००० आणि ७००० मालिकेचे डबे येत गेले. २०११ मध्ये जेआर ईस्टच्या २०३ मालिकेचे ५० डबे दाखल झाले. या क्रमाचा कळस म्हणजे २०५ मालिका होय. २०१३ ते २०२० या काळात या एकाच मालिकेचे ८१२ डबे जाकार्तात पोहोचले.

एवढे डबे उपलब्ध का झाले, याचे उत्तर जपानी रेल्वेच्या धोरणात सापडते. १९९० च्या दशकापासून जेआर ईस्टने ‘निम्मे वजन, निम्मी किंमत, निम्मे आयुष्य’ या सूत्रावर नव्या गाड्यांची आखणी सुरू केली. कमी वीज खाणाऱ्या आणि कमी देखभाल लागणाऱ्या गाड्या वेगाने आणल्या जाऊ लागल्या आणि चांगल्या अवस्थेतील जुन्या गाड्या सेवेबाहेर पडू लागल्या. २०५ मालिकेचे डबे १९८५ पासून बांधलेले होते. त्यांचा सांगाडा स्टेनलेस स्टीलचा असल्याने दमट हवेतही ते गंजत नसत. टोकियोच्या दृष्टीने त्यांचा काळ संपला होता. जाकार्ताच्या दृष्टीने त्यांत अजून बरेच आयुष्य शिल्लक होते. शिवाय गाडी मोडीत काढण्यासही खर्च येतो. तो टाळता येत असल्याने देणाऱ्याचाही लाभ होता.

या पुरवठ्याची साखळी किती लांब होती, हे मुसाशिनो मार्गाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. टोकियोच्या यामानोते या वर्तुळमार्गावर ई२३५ मालिकेच्या नव्या गाड्या येऊ लागल्या, तेव्हा तेथील ई२३१ गाड्या चुओ-सोबू मार्गावर पाठविण्यात आल्या. चुओ-सोबू मार्गावरील आधीच्या ई२३१ गाड्या मुसाशिनो मार्गावर गेल्या आणि मुसाशिनोवरील २०५ मालिकेचे ३३६ डबे २०१८ ते २०२० या काळात जाकार्ताला रवाना झाले. थोडक्यात, बोगोरच्या प्रवाशाला डबा केव्हा मिळणार, हे यामानोतेच्या नूतनीकरणाच्या वेळापत्रकावर अवलंबून होते. त्या वेळापत्रकावर जाकार्ताचे कोणतेही नियंत्रण नव्हते.

स्थानिक जुळवणी आणि देखभाल

तांजुंग प्रियोक बंदरात उतरलेला डबा लगेच सेवेत घेता येत नसे. टोकियोतील फलाट उंच असतात, तर जाकार्तातील अनेक फलाट त्या काळी बुटके होते. म्हणून दरवाजांखाली लोखंडी पायऱ्या बसवाव्या लागल्या. मार्गालगतच्या वस्त्यांतून होणाऱ्या दगडफेकीपासून संरक्षण म्हणून चालकाच्या काचेपुढे जाळी लावली गेली. रुळावर येणाऱ्या अडथळ्यांसाठी पुढच्या भागाखाली मजबूत लोखंडी चौकट जोडण्यात आली. रंग बदलले, फलक बदलले. तरी आतील काही जपानी सूचना कित्येक गाड्यांत तशाच राहिल्या.

गाडीची लांबी हा वेगळा प्रश्न होता. नाम्बू मार्गावरील गाड्या सहा डब्यांच्या, योकोहामा मार्गावरील आठ डब्यांच्या, तर साइक्यो मार्गावरील दहा डब्यांच्या होत्या. जाकार्ताला आठ, दहा आणि पुढे बारा डब्यांच्या गाड्या हव्या होत्या. त्यामुळे वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले डबे एकमेकांना जोडून नव्या रेक तयार करण्यात आल्या. २०५ मालिकेसारखा एकच प्रकार मोठ्या संख्येने घेतल्याचा फायदा येथे झाला. आधीच्या दशकात अनेक कंपन्यांचे थोडे थोडे डबे घेतल्याने प्रत्येकाचे सुटे भाग वेगळे, नियंत्रणयंत्रणा वेगळी आणि कामगारांचे शिक्षणही वेगळे, अशी स्थिती झाली होती.

जुन्या गाडीच्या देखभालीतील मुख्य अडचण ही असते की मूळ कारखान्याने त्या गाडीचे भाग बनविणे केव्हाच थांबविलेले असते. परिणामी कारशेडमध्ये उभी असलेली निकामी गाडीच भांडाराचे काम करते. एका रेकचे भाग काढून दुसरी चालती ठेवायची, हा क्रम काही काळ चालतो. परंतु त्यात प्रत्येक दुरुस्तीबरोबर ताफा थोडा लहान होत जातो. जेआर ईस्टने २०५ मालिकेसोबत देखभालीचे तंत्रसाहाय्यही दिले. वापरलेल्या डब्याबरोबर तो सांभाळण्याचे ज्ञान आले नाही, तर त्याचे उरलेले आयुष्य कागदावरच राहते.

याउलट उदाहरण मनिलाचे आहे. जाकार्ताने घेतलेल्या २०३ मालिकेचेच ४० डबे २०११ मध्ये फिलिपाइन्सच्या राष्ट्रीय रेल्वेकडे गेले. रूळमाप तेथेही १,०६७ मिलिमीटरच होते, पण मार्गाचे विद्युतीकरण झालेले नव्हते. स्वतःच्या मोटारींवर धावणारी विद्युतगाडी तेथे डिझेल इंजिनामागे ओढली जाऊ लागली. डबा तोच, पण त्याच्या मूळ क्षमतेचा मोठा भाग वाया गेला. वापरलेल्या गाडीचे मोल तिच्या वयाइतकेच तिला मिळणाऱ्या पायाभूत व्यवस्थेवर ठरते, हे या तुलनेतून दिसते.

सेवेची पुनर्रचना : २०११ ते २०१३

डबे आले म्हणून सेवा आपोआप सुधारली नाही. २००८ साली इंडोनेशियन रेल्वेने उपनगरी सेवेसाठी स्वतंत्र उपकंपनी स्थापन केली. २०११ मध्ये जलद, वातानुकूलित साधी आणि बिगरवातानुकूलित अशा विविध वर्गांच्या गाड्यांतील गुंतागुंत कमी करून प्रत्येक स्थानकावर थांबणाऱ्या समान गाड्यांची ‘कम्युटर लाइन’ पद्धत आणली गेली. पूर्वी महागड्या जलद गाडीला वाट देण्यासाठी स्वस्त गाडी बाजूला थांबविली जाई. ही विषमता त्यामुळे संपली.

टपावरील प्रवास थांबविण्यासाठी प्रशासनाने अनेक उपाय केले. जानेवारी २०१२ मध्ये बेकासीजवळ रुळांवर काँक्रीटचे गोळे टांगण्यात आले आणि त्याची जगभर चर्चा झाली. परंतु टपावरील माणसे खऱ्या अर्थाने खाली उतरली ती डब्यांत जागा आणि स्थानकांत शिस्त निर्माण झाल्यावर. जुलै २०१३ मध्ये इलेक्ट्रॉनिक तिकिटे आणि अंतरानुसार वाढणारे भाडे लागू झाले, सरकारी अनुदानामुळे भाडे कमी राहिले आणि त्याच महिन्यात उघड्या दारांच्या बिगरवातानुकूलित गाड्या बंद झाल्या. बंद दरवाजांच्या जपानी गाड्या मोठ्या संख्येने हाताशी नसत्या, तर हा निर्णय अमलात आणता आला नसता.

याचे परिणाम आकड्यांत दिसतात. २०१३ मध्ये सुमारे १५.८ कोटी असलेली वार्षिक प्रवासीसंख्या २०१९ मध्ये सुमारे ३३.६ कोटींवर गेली. सहा वर्षांत सेवा दुपटीहून अधिक वाढली आणि ती वाढ प्रामुख्याने वापरलेल्या डब्यांवर झाली. ‘अडगळ’ हा शब्द या वस्तुस्थितीपुढे टिकत नाही.

मर्यादाही याच काळात उघड झाल्या. ९ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिण जाकार्तातील बिंतारो येथे रेल्वे फाटकावर एका गाडीची इंधनवाहू टँकरशी टक्कर होऊन आग लागली. चालककक्षातील तीन कर्मचाऱ्यांसह सात जण मृत्युमुखी पडले. ही गाडी टोकियो मेट्रोच्या ७००० मालिकेची होती. भुयारी मार्गावर, जेथे फाटकच नसते अशा ठिकाणी, ती वाढली होती. जाकार्तात ती रस्त्याच्या वर्दळीतून धावत होती. अपघाताचे कारण डब्याचे वय हे नव्हते. रस्ता आणि रूळ एकाच पातळीवर छेदत होते, हे होते. गाड्या मागविता येतात. पूल आणि भुयारी रस्ते मात्र जागीच बांधावे लागतात.

२०२३ चा वाद

२०२० मध्ये २०५ मालिकेची आवक संपली. दरम्यान आधीच्या तुकड्यांतील गाड्या निवृत्तीच्या वयाला पोहोचल्या होत्या. २०२३ मध्ये दहा आणि २०२४ मध्ये एकोणीस रेक सेवेबाहेर काढाव्या लागतील, असे रेल्वे कंपनीने सांगितले आणि त्यांच्या जागी जेआर ईस्टच्या ई२१७ मालिकेचे ३४८ वापरलेले डबे आणण्याची परवानगी मागितली. उद्योग मंत्रालयाने विरोध केला. देशात डबे बांधणारा कारखाना असताना वापरलेले डबे का आणावेत, हा त्याचा प्रश्न होता. सरकारी लेखापरीक्षण यंत्रणेनेही आयातीस अनुकूल मत दिले नाही. २०१९ च्या तुलनेत ताफा मोठा आणि अपेक्षित प्रवासी कमी आहेत, याकडे तिने लक्ष वेधले. मात्र वार्षिक बेरीज आणि सकाळच्या गर्दीच्या दोन तासांतील दाटी या भिन्न गोष्टी आहेत. फलाटावर उभ्या असलेल्या प्रवाशाचा संबंध दुसरीशीच येतो. अखेर जून २०२३ मध्ये वापरलेल्या डब्यांची आयात होणार नाही, असे सरकारने जाहीर केले.

या निर्णयातील विसंगती लगेच स्पष्ट झाली. ‘इन्का’कडे १६ नव्या रेकची, म्हणजे १९२ डब्यांची, मागणी नोंदविण्यात आली होती; परंतु त्या २०२५ पूर्वी मिळणे शक्य नव्हते. मधली पोकळी भरून काढण्यासाठी जानेवारी २०२४ मध्ये चीनच्या सीआरआरसी कंपनीशी तीन नव्या रेकचा करार झाला आणि पुढे ही मागणी वाढविण्यात आली. चिनी गाड्या २०२५ मध्ये सेवेत आल्या. देशी उद्योगाच्या रक्षणासाठी वापरलेल्या गाड्यांचे दार बंद झाले आणि त्याच दारातून परदेशी नव्या गाड्या आत आल्या.

यात ‘इन्का’ची अक्षमता होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. या कारखान्याने २००१ मध्ये स्वतःची विद्युतगाडी तयार केली होती, जर्मन अर्थसाहाय्यातून २०११-१२ च्या सुमारास ४० डबे पुरविले होते आणि बांगलादेशासारख्या देशांना डबे निर्यातही केले होते. उणीव होती ती मागणीच्या सातत्याची. ज्या दशकात जपानमधून २०५ मालिकेचे ८१२ डबे आले, त्याच दशकात स्वदेशी कारखान्याला उपनगरी गाड्यांचे काम तुटकतुटक मिळाले. रुंद रुळामुळे भारतीय कारखान्यांना जे सातत्य नाइलाजाने लाभले, ते जाकार्ताच्या सोयीमुळे मादियुनला लाभले नाही.

निष्कर्ष

जाकार्ताच्या अनुभवावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला, वापरलेल्या डब्यांची उपयुक्तता त्यांच्या वयापेक्षा तांत्रिक सुसंगती, देखभाल आणि सेवाव्यवस्थापन यांवर अवलंबून असते. जाकार्ता आणि मनिला यांच्यातील फरक हेच सांगतो. दुसरा, अशा डब्यांमुळे पैशाची बचत होते, परंतु पुरवठ्याची किल्ली देणाऱ्याकडेच राहते. टोकियोने नूतनीकरण थांबविले, किंवा स्वदेशी धोरणाने आयात अडविली, की व्यवस्था अडचणीत येते.

तिसरा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा आहे. वापरलेला डबा हा उसना घेतलेला काळ असतो. जाकार्ताच्या रेल्वेने त्या काळात तिकीट, वेळापत्रक आणि स्थानके यांची घडी बसविली आणि टपावरचा प्रवासी डब्यात आणला. ही मोठी सामाजिक कमाई होती. पण त्याच वीस वर्षांत दरवर्षी थोडे का होईना, निश्चित संख्येने देशी डबे बांधून घेण्याची शिस्त धोरणकर्त्यांनी लावून घेतली नाही. वापरलेले डबे घ्यावेत की स्वदेशी बांधावेत, असा २०२३ मध्ये मांडलेला पर्याय म्हणूनच अपुरा होता. दोन्ही गोष्टी २००० पासून एकत्र चालायला हव्या होत्या. तसे न झाल्याची किंमत मंत्रालयांनी किंवा कारखान्याने दिली नाही. ती सकाळच्या गर्दीत बोगोरहून उभ्याने येणाऱ्या प्रवाशाने दिली.